वाचक विचारतात : फास, लाख आणि पंचनामा

या खेपेला गोव्याच्या वन खात्यात नव्याने रुजू झालेल्यांची पत्रे आली, आणि अभयारण्यांच्या काठावर शेती-बागायती असलेल्यांचीही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नोकरीचा प्रश्न असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या गस्तीच्या हद्दीत, फिरताना काजूच्या बागायतीलगत तारेचे फास सापडतात. बरोबरचे जुने कर्मचारी ते उपटून जीपमध्ये टाकतात आणि पुढे निघतात. हे बरोबर का?
— प्रशिक्षणार्थी वनरक्षक, सत्तरी

फास काढायचाच, पण सगळ्यात शेवटी. उपटून जीपमध्ये टाकला की तो नुसता वायरचा तुकडा उरतो. जागेवर लावलेल्या स्थितीत त्याची नोंद झाली तर तो शिकारीचा पुरावा ठरतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २(१६) मधल्या शिकारीच्या व्याख्येत फासात पकडणे, सापळ्यात धरणे आणि तसा प्रयत्न करणे हे सगळे येते. जनावर अडकलेले नसले तरी गुन्हा होतो. फास चालू स्थितीत होता एवढे मात्र तुम्हाला दाखवता आले पाहिजे.

फास दिसला की पहिल्यांदा जागच्या जागी थांबा आणि सभोवार पाहा. चपलेचा ठसा, कोयत्याने नुकतीच तोडलेली फांदी, विडीचे थोटूक, पाण्याची बाटली. हे सगळे आपल्याच पायाखाली जाते, म्हणून त्यांचे फोटो आधी काढा. मग फासाचे तीन फोटो: लांबून, म्हणजे वई (कुंपण), झाड किंवा ओहोळ ओळखू येईल असा, मधल्या अंतरावरून, फास आणि तो बांधलेले खोड दोन्ही दिसतील असा, आणि जवळून, शेजारी पट्टी ठेवून. दाट झाडोऱ्याखाली मोबाईलचे जीपीएस दहा-वीस मीटर सहज चुकते. आकडे स्थिर होईपर्यंत मिनिट-दोन मिनिटे थांबा, आणि सर्व्हेचा दगड किंवा पूल अशा कायमच्या खुणेपासून किती अंतरावर, कोणत्या दिशेला हेही लिहा. कोर्टात नकाशापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडते.

मापे घ्या: फासाचा व्यास, खालची कड जमिनीपासून किती उंच, वायर कसली (क्लचची, ब्रेकची की साधी जस्ताची), टोक उभ्या झाडाला बांधले आहे की सुट्या ओंडक्याला. जमिनीपासून वीस-तीस सेंटीमीटरवर टांगलेला रुंद फास डुकरासाठी किंवा भेकरासाठी असतो. जमिनीला टेकत आलेला लहान फास सशासाठी. मग वायर कापा, पण गाठीवर नको, गाठीपासून लांब. आपण कापलेल्या टोकाला चिकटपट्टी लावून तशी नोंद करा. दुसऱ्या टोकावर लावणाऱ्याच्या पक्कडीचे व्रण असतात. पुढे घरझडतीत त्याच वायरचे बंडल मिळाले तर टोकाला टोक जुळवून पाहता येते. गाठ बांधायची पद्धतही माणसागणिक वेगळी असते. वायरला केस किंवा वाळलेले रक्त असेल तर ती कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो, बुरशी येते आणि नमुना जातो.

एक फास सापडला की आजूबाजूला आणखी असतात असे धरूनच चाला. फास लावणारा बहुधा वईच्या रेषेत, जनावराने पाडलेल्या प्रत्येक भोकाला एक लावतो. भोक नसेल तर फांद्या रचून वाट अरुंद करतो. पाच-सहा जणांनी सात-आठ मीटरच्या अंतराने वईला समांतर सावकाश चालावे. सकाळच्या तिरप्या उन्हात वायर चमकते, दुपारी दिसत नाही. काही दिवसांनी त्याच जागा परत पाहा, कारण चांगली वाट कोणी सोडत नाही. दबा धरून माणूस पकडायचा असे वरिष्ठांनी ठरवले असेल, तर तोवर फास ओढून बंद करून ठेवा. पुराव्यासाठी जनावर अडकू द्यायचे नसते.

आणि जिवंत जनावर अडकलेले असेल तर वायर कापून पळवून लावू नका. मांसात रुतलेली वायर तशीच राहते आणि ते जनावर आठवड्याभराने कुठेतरी सडून मरते. गर्दी हटवा, शांतता ठेवा, पशुवैद्याला आणि बेशुद्ध करणाऱ्या पथकाला बोलवा. हरणवर्गातले जनावर नुसत्या धडपडीने आणि भीतीने स्नायू निकामी होऊन सुटकेनंतरही मरू शकते, त्यामुळे बघ्यांना आवरणे हाही उपचाराचाच भाग.

पंचनामा शिकवतात, पण कोर्टात तो कुठे फुटतो हे कोणी सांगत नाही.
— प्रशिक्षणार्थी, वाळपई

पाठलाग किती थरारक झाला याच्याशी निकालाचा संबंध नसतो. पहिल्या तासात कागदावर काय उतरले यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. तो बहुतेक पुढच्या चार-पाच जागी पडतो.

पहिली जागा म्हणजे वेळ. पंचनामा रेंज ऑफिसात बसून लिहिलेला असतो आणि वर 'जागेवर' असे असते. मग फोटोंवरची वेळ, गाडीच्या लॉगबुकातले किलोमीटर आणि पंचनाम्यातली वेळ एकमेकांशी भांडतात. पाऊस आहे, उजेड नाही, म्हणून ऑफिसात लिहावा लागला तर तसेच लिहा. खरे कारण कोणाला खटकत नाही. सुरू केल्याची आणि संपवल्याची अशा दोन्ही वेळा हव्यात, आणि उजेड कसला होता, बॅटरीचा की गाडीच्या दिव्यांचा, हेही.

दुसरी जागा पंचांची. प्रत्येक प्रकरणात तेच दोन रोजंदारी कामगार पंच म्हणून आले तर बचावाच्या वकिलाला फार कष्ट पडत नाहीत. त्याच भागातले, खात्याशी संबंध नसलेले दोघे शोधा. गोव्यासारख्या लहान मुलखात शेजाऱ्याविरुद्ध सही करायला कोणी तयार होत नाही हे खरेच आहे. त्यासाठी पंचायत, शाळा, वीज खाते, जलस्रोत खाते इथले कर्मचारी पंच म्हणून मिळतील का हे आधीच विचारून यादी करून ठेवावी. कारवाईच्या रात्री शोधायला निघालात तर हाताशी तेच दोघे लागतात.

तिसरी जागा, अतिआत्मविश्वास. 'सांबराचे मांस ३ किलो' असे लिहिलेत की प्रश्न येतो, तुम्ही कशावरून ओळखले? लिहायचे असे: 'लालसर कच्चे मांस, कातडे नसलेले, हाडासह सात तुकडे, वजन ३ किलो १५० ग्रॅम, सांबराचे असल्याचा संशय.' ओळख पटवणे प्रयोगशाळेचे काम. वजन कोणत्या काट्यावर केले तेही लिहा.

चौथी जागा लाखेची. पाकिटावर कापड, कापडावर दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाख, लाखेवर मोहर. लेबलवर पंचांच्या आणि ज्याच्याकडून जप्त केले त्याच्या सह्या. सही देत नसेल तर 'नकार दिला' अशी नोंद करून त्याखाली पंचांच्या सह्या. त्याच मोहरेचा नमुना ठसा पंचनाम्याच्या कागदावरही उमटवा. हे नेमके विसरते, आणि मग प्रयोगशाळेला पाकिटावरचा ठसा कशाशी ताडायचा ते कळत नाही. मोहर मुद्देमाल सांभाळणाऱ्याच्याच खिशात राहू देऊ नका, दुसऱ्याकडे पावती घेऊन द्या. माल रात्रभर कोणत्या कपाटात, कोणाच्या किल्लीखाली होता, सकाळी कोणी किती वाजता नेला, या साखळीतली एक कडी तुटली तरी मधल्या वेळेत माल बदलला असे म्हणायला जागा होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. त्या कलमात उल्लेख पोलीस अधिकाऱ्याचा आहे म्हणून वन कर्मचाऱ्याने ते टाळण्यात शहाणपण नाही. चित्रण सलग ठेवा. सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण आणि हजर माणसांची नावे स्पष्ट उच्चारा. मूळ फाइल फोनमध्ये किंवा मेमरी कार्डवर जशीच्या तशी राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत दबून येते, तिचे हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची आकडे-अक्षरी ओळख) मूळ फाइलशी जुळत नाही, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ते मूल्य लिहावे लागते.

एक गोष्ट नव्या माणसाच्या ध्यानात उशिरा येते. वन्यजीव गुन्ह्यात पोलिसांसारखे आरोपपत्र जात नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५५ नुसार अधिकृत अधिकारी स्वतः न्यायालयात फिर्याद दाखल करतो आणि स्वतः साक्ष देतो. उलटतपासणीला तुम्ही काही वर्षांनी उभे राहणार, तेव्हा बदलीही झालेली असेल. रोजची टिपण वही पान क्रमांकांसह ठेवा, खाडाखोड केली तिथे लघुसही करा आणि ती वही फेकू नका.

मांसाचा नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा की बर्फात? दोन्ही सल्ले ऐकले आहेत.
— वनरक्षक, धारबांदोडा

प्राणी कोणता हे डीएनएवरून ठरवायचे असेल तर फॉर्मेलिन नको, त्याने डीएनए खराब होतो. स्नायूचा दीड-दोन सेंटीमीटरचा तुकडा घ्या आणि त्याच्या किमान दहापट ॲबसोल्यूट अल्कोहोलमध्ये, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. हावरेपणाने मोठा तुकडा कोंबला तर अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग कुजतो. प्रत्येक नमुन्याला नवे पाते आणि नवे हातमोजे. एकाच सुरीने पाच पिशव्यांतले मांस कापले तर पाचही नमुने एकमेकांत मिसळले असे समजा. बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलीने लिहिलेली. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

केस मुळासकट उपटलेले हवेत, कात्रीने कापलेले नकोत. रक्ताचा डाग सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा. शिजवलेल्या मांसातूनही कधी कधी डीएनए मिळतो, म्हणून रस्सा दिसला की हात झटकू नका. हाडाला चिकटलेला भाग घ्या, कारण उष्णता तिथे कमी पोचलेली असते. बर्फ चालतो, पण गोठवणे आणि वितळणे परत परत झाले तर नमुना संपला. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते हे धरून अल्कोहोलवरच भिस्त ठेवावी. नमुन्यांचे दोन संच करा, एक पाठवा, एक सीलबंद जपून ठेवा.

विषबाधेच्या संशयात कृती वेगळी. जठर आतल्या ऐवजासह, यकृत आणि मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, म्हणजे तळाशी मीठ न विरघळता उरेल इतके मीठ घालून. वापरलेल्या मिठाचा वेगळा नमुनाही सोबत जातो, नाहीतर विष मिठातूनच आले असे म्हणता येते. दहा टक्के फॉर्मेलिन लागते ते पेशींच्या तपासणीसाठी. हे काम शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्याचे, पण बाटल्या, मीठ आणि फॉर्मेलिन गाडीत आहे की नाही ते पाहणे तुमचे.

प्राणी ओळखण्यासाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादच्या सीसीएमबीची (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्राची) लॅकोन्स प्रयोगशाळा इथे नमुने जातात. सोबतच्या पत्रात प्रश्न नेमका विचारा. 'तपासून अहवाल द्यावा' असे लिहिले की अहवालही तसाच मोघम येतो.

पकडलेल्या माणसाने आमच्यासमोर कबूल केले तर पुरेसे नाही का?
— प्रशिक्षणार्थी, सांगे

नाही. वन अधिकारी हा पोलीस अधिकारी नाही, म्हणून त्याच्यापुढचा जबाब सरसकट बाद होत नाही, एवढा अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. पुढचा अर्धा असा: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५०(८) खाली साक्षी-पुरावा नोंदवायचा अधिकार राज्य सरकारने अधिकृत केलेल्या, सहाय्यक वनसंरक्षकाच्या खालच्या दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याला आहे, आणि कलम ५०(९) प्रमाणे तो पुरावा खटल्यात चालायचा तर आरोपीच्या उपस्थितीत घेतलेला हवा. वनरक्षकाने कागदावर अंगठा घेतला म्हणून काही सिद्ध होत नाही. धमकावून किंवा मारून घेतलेला जबाब निरुपयोगी ठरतोच, वर खरा पुरावाही त्याच्या सावलीत येतो.

तुमचे काम एवढेच: अटकेचे कारण आरोपीला सांगणे, नातेवाइकाला कळवणे, डॉक्टरकडून तपासणी करून घेणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, आणि या प्रत्येकाची वेळ लिहिणे. महिलेची अंगझडती महिलेनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

रात्री बंदुकीचा बार ऐकू आला आणि आम्ही दोघेच असलो तर?
— वनरक्षक, काणकोण

आवाजाच्या दिशेने धावू नका. वेळ लिहा, दिशा लिहा, रेंजला कळवा आणि बाहेर पडायच्या वाटेवर जा. शिकार झाली असेल तर मांस गावाकडे किंवा रस्त्याकडेच येणार. पायवाट जिथे डांबराला मिळते, तिथे दिवे बंद करून उभी असलेली मोटारसायकल हा रानातल्या कोणत्याही मागापेक्षा चांगला धागा. नंबर टिपा, फोटो घ्या, कुमक येईपर्यंत स्वतः दिसू नका. कपाळावर हेडलॅम्प लावलेल्या माणसाला तुमचे डोळे किंवा बॅटरी दिसली तर तो जनावर समजून बार काढू शकतो, हा धोका खराखुरा आहे.

बंदूक हाती लागली तर ती भरलेली आहे असेच समजा, विशेषतः तोंडाकडून भरायची गावठी ठासणीची. नळीत डोकावू नका, खटका ओढून पाहू नका, जमिनीवर सुरक्षित दिशेला तोंड करून ठेवा आणि पोलिसांना बोलवा. शस्त्र कायद्याचा गुन्हा पोलिसांकडे वेगळा नोंदला जातो. डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यासारखा दिसतो. त्याला हात लावायचा नाही, जीपमध्ये तर मुळीच घ्यायचा नाही. जागा राखा आणि बॉम्बशोधक पथकाची वाट पाहा.

अभयारण्यातली शिकार किंवा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, प्राणी असेल तर कलम ५१ खाली किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. समोरच्याला हे माहीत असते. त्यामुळे कोपऱ्यात सापडलेला माणूस तडजोडीच्या मनःस्थितीत नसतो.

पहिल्या पावसात बेडूक धरणारे पोती भरून नेतात. गुन्हा आहे म्हणतात, मग हॉटेलांत 'जंपिंग चिकन' कसे मिळते?
— वाचक, डिचोली

गुन्हा आहे. धरणे, मारणे, विकणे, शिजवून वाढणे, सगळेच. तरी मिळते, कारण मागणी आहे आणि पकडण्याची मुदत फार थोडी आहे. जूनच्या पहिल्या दमदार सरींनंतर मोठे बेडूक प्रजननासाठी शेतांत, खाणींच्या खड्ड्यांत जमतात. नर पिवळेधमक होऊन ओरडतात, आणि बॅटरीचा झोत डोळ्यांवर पडला की तिथेच थिजतात. सगळा व्यवहार काही रात्रींत उरकतो. त्या रात्रींचे गस्तीपत्रक मे महिन्यातच तयार हवे.

पोते सापडले तर बेडूक एकावर एक दाबून ठेवू नका, खालचे गुदमरतात. पाण्याने भरलेल्या बादलीतही नको. ओले गोणपाट पसरलेल्या रुंद टबात ठेवा, मोजा, फोटो काढा, वजन घ्या, जात ओळखण्यासाठी पाठीचे आणि पोटाचे वेगळे फोटो घ्या. मग वरिष्ठांचा लेखी आदेश घेऊन आणि न्यायालयाला कळवून शक्यतो धरलेल्या जागीच सोडा. दोन दिवस ऑफिसात ठेवून मेलेले पोते कोर्टात नेण्यात काही अर्थ नाही. हॉटेलात झडती घेतली तर फ्रिजरमधल्या तंगड्यांबरोबर बिलबुक, खरेदीची वही आणि मेनूकार्डही जप्त करा. तंगडी कोणाची हे डीएनए सांगेल, ती कोणी पुरवली हे वहीच सांगेल.

आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागायतीत) डुकरे नासधूस करतात, गुरांवर वाघरू येते. फास डुकरासाठी लावला आणि त्यात बिबटा अडकला तर शेतकऱ्याचा काय दोष?
— बागायतदार, सत्तरी

राग समजण्यासारखा आहे, पण कायद्यात हा बचाव टिकत नाही. रानडुकरालाही परवानगीशिवाय फासात धरणे गुन्हाच आहे, त्यामुळे 'डुकरासाठी होता' असे म्हणणे म्हणजे कबुली. पिकाला धोका असेल तर अनुसूची २ मधल्या प्राण्याबाबत कलम ११(१)(ब) खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी लेखी, कारणांसह परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर त्या अनुसूचीत येते. गवा मात्र अनुसूची १ मध्ये आहे, त्याला हा मार्ग नाही. सौर कुंपण चालते, कारण त्याचे यंत्र क्षणभराचा ठोका देऊन थांबते. खांबावरून थेट ओढलेली वीज माणसालाही मारते, आणि मग प्रकरण वन्यजीव कायद्यापुरते राहत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू प्रशिक्षणार्थींसाठी. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात, गोळावलीजवळ, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. ते विषप्रयोगाचे प्रकरण होते. वाघ मारलेल्या गुराकडे परत येतो, आणि विष टाकले जाते ते मधल्या त्या वेळेत. गुरे मारल्याची खबर आली की त्याच दिवशी पोचा. मालकाचा भरपाईचा अर्ज तिथेच भरून घ्या, दाताच्या खुणा आणि ठसे यांचे फोटो घ्या, सुरक्षित अंतरावर कॅमेरा ट्रॅप लावा, आणि धडाची राखण ठेवा. 'उद्या येतो' असे सांगितलेल्या रात्री काय होईल ते तुमच्या हातात नसते.

धडाजवळ मेलेल्या माश्या, कावळे किंवा कुत्रे दिसले तर विष धरून चाला. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय पुढे जाऊ नका, बहुतेक कीटकनाशके कातडीतूनही भिनतात. धडाखालची माती, जवळच्या ओहोळाचे पाणी आणि रिकामी बाटली किंवा पुडी हे वेगवेगळे नमुने. मेलेला वाघ असेल तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीतली समिती येईपर्यंत शव हलवायचे नाही, नखे आणि दात मोजून नोंदवायचे आणि पहारा ठेवायचा.

मोरजीला कासव अंडी घालताना पर्यटक गर्दी करतात. शिपाई एकटा काय करणार?
— स्वयंसेवक, पेडणे

पहिले काम दिवे बंद करून घेणे, मोबाईलचे फ्लॅशही. ऑलिव्ह रिडले मादी पाण्यातून वर येताना उजेड दिसला की माघारी फिरते. खड्डा खणून अंडी घालायला लागली की ती सहसा उठत नाही, तेव्हा मागच्या बाजूने, लाल उजेडात, दोघांनीच जावे. बाकीच्यांना तिच्या वाटेपासून दूर, वाळूवर बसवा. उभ्या माणसांपेक्षा बसलेली माणसे आवरायला सोपी.

मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबाग इथे घरटे शक्यतो जागीच कुंपण घालून राखावे. भरतीचे पाणी येणार असेल तरच अंडी हलवायची, तीही घातल्यापासून काही तासांच्या आत आणि वरची बाजू वरच ठेवून. एक दिवस उलटल्यावर अंडे फिरले तर आतल्या कवचाला चिकटलेला गर्भ मरतो. नवा खड्डा मूळ खोलीचा, साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर, खाली रुंद आणि वर तोंडाशी अरुंद. पिल्ले पंचेचाळीस ते साठ दिवसांत निघतात. शॅकवाल्याशी दिव्यांबद्दल बोलायचे ते त्या आठवड्यात नको, हंगामाच्या सुरुवातीलाच लेखी द्या.

आरोपी माझ्या चुलत्याचा मुलगा निघाला तर?
— (गाव कळवू नये)

वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवा आणि त्या प्रकरणात पंचनाम्यापासून मुद्देमालापर्यंत कुठेही सही करू नका. आधीच सही झाली असेल तर तेही लिहून द्या. नाते उलटतपासणीत बाहेर येतेच. बारा तालुक्यांच्या या राज्यात सगळेच कोणाचे तरी कोणी लागतात, आणि असा अर्ज मिळाल्याचे कोणत्याही वरिष्ठाला नवल वाटत नाही. घरी मात्र प्रकरणाबद्दल एक शब्द नको, 'काळजी करू नको' एवढासुद्धा.

उन्हाळ्यात रानात जायचे तर माकडतापाची भीती वाटते. आणि साप चावला तर?
— प्रशिक्षणार्थी वनरक्षक, वाळपई

माकडताप सत्तरीत आहे, त्यामुळे भीती अनाठायी नाही. तो गोचिडीमुळे होतो, आणि जोर साधारण जानेवारी ते मे. पँट मोज्यांत खोचा, बाह्या खाली, पालापाचोळ्यावर बसू नका, उघड्या त्वचेला गोचीडरोधक तेल लावा. परतल्यावर कपडे बाहेरच उतरवून गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग, केसांची मुळे तपासा. बारीक पिल्लू-गोचीड तिळापेक्षा लहान असते आणि नुसत्या नजरेला चुकते. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. मेलेले माकड दिसले तर हात न लावता जागा कळवा. ते आजाराच्या फैलावाची पहिली खूण असू शकते. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी आली तर डॉक्टरला 'रानात होतो' हे आधी सांगा.

साप चावला तर चिरायचे नाही, आवळून बांधायचे नाही, चोखायचे नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ बोलवा. चावल्याची वेळ लिहा, आणि सूज कुठवर चढली ती दर पंधरा मिनिटांनी पेनाने खूण करा. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर असते. चापड्यांवर ती उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून सापाचा लांबून मिळाला तर फोटो डॉक्टरला दाखवा, पण फोटोसाठी मागे लागू नका. दुसरा दंश बहुधा तेव्हाच होतो.